रविवारचं नाटक आणि घराचं डाउन पेमेंट

वाचकाचं पत्र

ताई, मी ३० वर्षांची आहे. डोंबिवलीला आई-बाबा आणि धाकट्या भावाबरोबर राहते, लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. हातात ५४,००० रुपये येतात, त्यातले १५,००० घरात देते. डोंबिवलीतच स्वतःच्या नावावर एक छोटं घर घ्यावं हे कधीपासून मनात आहे. म्हणून जानेवारीत ठरवलं, महिन्याला २८,००० टाकायचेच. पाच महिने टाकले. नाटकं बंद केली, ट्रेकला जाणं सोडलं, ऑफिसच्या मैत्रिणी जेवायला बाहेर गेल्या की मी डबा घेऊन एकटीच बसायचे. जूनमध्ये अगदी असह्य झालं आणि त्यांच्याबरोबर गोव्याला गेले. कार्डावर ४६,००० खर्च झाले. त्यानंतर नवा फोन, मग मावसबहिणीचं लग्न. एक एफडी मोडली. आता ६०,००० ची एफडी उरलीय आणि कार्डावर ३८,००० थकलेत. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरतेय. असं होण्याची ही पहिली वेळ नाही. बाबा म्हणतात, "आम्ही अशी चैन केली असती तर हे घर उभं राहिलं नसतं." फर्स्ट क्लासचा पास सोडून सेकंड क्लासने जाऊ का? ऑफिसात भिशी सुरू होतेय, त्यात शिरू का? डिसेंबरात सगळे हंपीला चाललेत, त्यांना नाही सांगू का? बचतीचा उत्साह टिकवायचा कसा, आणि तो टिकवताना जगायचं कसं?

– एक वाचक, डोंबिवली

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातला २८,००० हा आकडा पाहून मी थांबले. ५४ हजारांतून घरात १५ गेले. पास, मोबाइल, रिक्षा, औषधं, भावाला कधीमधी लागणारे पैसे असे सात हजार धरू. त्यातून २८ बाजूला टाकले की तुझ्याकडे उरतात चार हजार. एवढ्यात कपडे, वाढदिवस, आहेर, डॉक्टर आणि वर मौज बसवायची, तीही घर होईपर्यंत वर्षानुवर्षं. हे कुणालाही जमलं नसतं. तू पाच महिने निभावलंस, म्हणजे चिकाटी तुझ्यात भरपूर आहे. तेव्हा स्वतःला बेजबाबदार म्हणणं आजपासून बंद कर.

जूनमध्ये काय झालं ते मला असं दिसतं. मौजेसाठी तुझ्या हिशेबात एक रुपयाही नव्हता. तिने तो पाच महिने मागितला, तू दिला नाहीस, आणि शेवटी तिने सगळे एकदम घेतले, तेही कर्ज काढून. त्यानंतर बचत बंद पडली, कारण एकदा मोडलं की आता कशाला, असं मन म्हणतं. तेव्हा तुझ्या सगळ्या प्रश्नांना माझं मुळातलं उत्तर एकच आहे: मौजेचे पैसे बचतीइतक्याच गांभीर्याने, पगाराच्या दिवशीच वेगळे काढायचे. महिनाअखेरीला काही उरलं तर थोडी मजा करू, असं ठेवायचं नाही. मुंबईत महिनाअखेरीला काही उरत नाही.

पण त्याआधी कार्ड. हे काम याच आठवड्यात कर. बहुतेक कार्डांवर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ३८,००० वर हे महिन्याला साधारण १,५७० रुपये होतात. मिनिमम ड्यू ५ टक्के धरला तर तू भरतेस १,९००. म्हणजे मूळ रक्कम महिन्याला जेमतेम सव्वातीनशे रुपयांनी कमी होतेय. शिवाय थकबाकी असेपर्यंत कार्डावरच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज चालू. इकडे तुझी एफडी वर्षाला सहा-सात टक्के कमावतेय आणि तिकडे कार्ड वर्षाला चाळीसच्या वर घेतंय. ती एफडी घराच्या नावाची आहे म्हणून तिला हात लावायला तुझं मन होत नाही, हे मला कळतं. तरी मोड. मुदतीआधी मोडल्याचा थोडा दंड बसेल, तो एका महिन्याच्या कार्डाच्या व्याजापेक्षाही कमी असेल. ३८,००० एकदम भर. हातात २२,००० राहतील आणि डोक्यावर काही राहणार नाही. गोव्याची सहल तिथे संपली. ती चांगली झाली असेल तर आनंदाने आठव, तिचं प्रायश्चित्त घेत बसू नकोस.

आता महिन्याची मांडणी. घरात १५,०००, रोजचे सात हजार, हे तसेच ठेव. बचत १८,०००. मौज सहा हजार. चार हजार वर्षातून कधीतरी येणाऱ्या पण येणारच अशा खर्चांसाठी: गणपती, दिवाळी, लग्नाचे आहेर, एखादी सहल. उरलेले चार हजार हातात, दुखण्याखुपण्याला, चपला तुटल्या तर, फोनची काच फुटली तर. तुझी मावसबहीण अचानक लग्न करत नव्हती ना? तारीख सहा महिने आधी ठरली असेल. तरी त्या लग्नाने तुझी एफडी मोडली, कारण असल्या खर्चांना तुझ्याकडे जागा नव्हती. मौजेच्या खालोखाल बचती मोडतात त्या अशा, आधीपासून माहीत असलेल्या खर्चांमुळेच.

१८,००० म्हणजे आधीपेक्षा १० हजारांनी कमी, हे तुला लागेल. पण हिशेब मांड. २८,००० पाच महिने म्हणजे १ लाख ४० हजार, आणि त्यातले आज काय उरलेत ते तूच लिहिलंयस. १८,००० बारा महिने म्हणजे २ लाख १६ हजार. अकाउंट्समधल्या मुलीला यापुढे मी काय सांगू!

पहिले तीन महिने ते १८,००० घराकडे नेऊ नकोस. २२,००० मध्ये ते मिळवले की ७६,००० होतात, म्हणजे नोकरीत खंड पडला तरी तीन महिने घरचे १५ आणि तुझे सात भागतील. हे अडीनडीचे पैसे वेगळ्या बचत खात्यात राहू देत. त्यानंतर घर. पाच वर्षांत लागणारे पैसे मी तरी सगळेच्या सगळे शेअर बाजारात टाकायला सांगणार नाही. नेमकं घर ठरेल त्या वर्षी बाजार पडलेला असू शकतो. आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव, साधी आहे, कंटाळवाणी आहे आणि तुला तीच हवी. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. ६.७ टक्के दराने महिना १८,००० भरलेस तर पाच वर्षांनी सुमारे १२ लाख ८४ हजार हातात येतात. ती तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही आणि त्यानंतरही मुदतीआधी बंद केली तर व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. हा तिचा दोष म्हणतात, तुझ्या बाबतीत मला तो गुण वाटतो. अडीनडीचे पैसे आधी का जमवायचे, तेही यातून कळेल.

हे १२ लाख कुठे पुरतील? समज, ४५ लाखांचं घर. ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. म्हणजे ३६ लाख तिचे, नऊ लाख तुझे. वर स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी मिळून तीन लाखांच्या आसपास. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत १ टक्क्याची सवलत आहे. ४५ लाखांवर ते ४५,००० होतात. म्हणजे तुझं स्वप्न हवेत नाही, त्याला आकडा आहे आणि तो पाच-साडेपाच वर्षांच्या टप्प्यात आहे. पुढची गोष्टही सांगते. ३६ लाखांना साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ३१ हजारांच्या वर जातो. आजच्या पगारात तो झेपणार नाही. म्हणून या पाच वर्षांत पगार वाढवणं, त्यासाठी एखादी परीक्षा देणं, नोकरी बदलणं हाही घराचाच भाग आहे. नाटकाचं तिकीट वाचवून जे मिळणार नाही ते तिथे मिळेल.

पगारवाढीबद्दल एक सांगण्यासारखं आहे. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी कामगारांकडून आधीच कबूल करून घेतलं की पुढे पगार वाढेल तेव्हा वाढीतला काही भाग आपोआप बचतीत जाईल. आजच्या पगारातून काहीही कापायचं नव्हतं, त्यामुळे लोक तयार झाले. २००४ साली त्यांनी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यात पहिल्याच कंपनीत अशा कामगारांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली होती. तूही तेच कर. इन्क्रीमेंटचं पत्र आलं की त्याच दिवशी अर्धी वाढ बचतीला जोड, आणि थोडी मौजेलाही जोड. हातात येऊन खर्चाची सवय लागण्याआधी.

आता बाबांचं म्हणणं. त्यांच्यावर रागावू नकोस, पण त्यांना एकदा नीट विचार, तुम्ही साठवलेत ते नेमके कसे? बहुतेक घरांत उत्तर सारखंच असतं. पीएफ पगारातूनच कापला जायचा. सोसायटीचा हप्ता कापला जायचा. आणि पोस्टाच्या आरडीच्या एजंट बाई महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दारात यायच्या. १९७२ साली सुरू झालेल्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतल्या या बायकांनी कितीतरी चाळींतल्या आणि इमारतींतल्या घरांची बचत अक्षरशः दारोदार फिरून गोळा केली. त्या दारात उभ्या असताना आज मन नाही, पुढच्या महिन्यात बघू, असं कुणी म्हणत नसे. तुझ्या आईबाबांना बचतीसाठी उत्साह लागला नाही कारण तो प्रश्न त्यांच्यापुढे दर महिन्याला येतच नव्हता. तुझ्यापुढे तो दर महिन्याला येतो. इतकंच काय, फोनमध्ये बँक असल्यामुळे दिवसातून चार वेळा येतो.

आणि बाबांनी मौज केली नाही असं मला वाटत नाही. गणपतीला गावी गेले असतील. दिवाळीचे कपडे, दिवाळी अंक, मे महिन्यात पाहुणे आणि आंबे, वर्षातून दोन-चार नाटकं झाली असतील. त्यांची मौज कॅलेंडरवर ठरलेली होती आणि तिच्यासाठी बोनस होता. त्यांच्याशी भांडण्याऐवजी एकदा त्यांना बसवून तुझी नवी मांडणी दाखव. आकडे दिसले की वडील मंडळींचा सूर बदलतो.

तर एजंट बाई परत आणायच्या. पगार एक तारखेला होत असेल तर दोन तारखेला आरडीचा हप्ता जाऊ दे. बँकेच्या आरडीत तो पगाराच्या खात्यातून आपोआप कापला जातो, पोस्टाच्या आरडीचा हप्ता पोस्ट पेमेंट्स बँकेच्या अ‍ॅपमधून भरता येतो. त्याच दिवशी सहा हजार दुसऱ्या एका खात्यात टाक आणि यूपीआय फक्त त्या खात्याला जोड. पगाराचं खातं यूपीआयमधून काढून टाक. रोजच्या सात हजारांतला जो भाग क्यूआर कोडवर जातो तोही तिथेच ठेव. मग चहाच्या टपरीवर उभं राहून, हे परवडतं का, असा विचार करावा लागणार नाही. त्या खात्यात आहेत तोवर ते खर्चायचेच आहेत. आणि आरडीची शिल्लक रोज बघू नकोस. महिन्यातून एकदा, दहा तारखेला बघ. रोज बघितल्याने आकडा हलत नाही आणि मन थकतं.

पाच वर्षं लांब आहेत, मधला काळ फार कोरडा जातो. म्हणून दर लाखाला एक थांबा ठेव. १८,००० ने लाख व्हायला साडेपाच-सहा महिने लागतात. पहिला लाख झाला की आई-बाबांना आणि भावाला घेऊन माटुंग्याला जा, इडली-डोसा खा, बिल तू दे. त्यांना सांग कशाचं आहे ते. घरच्यांना आकडा माहीत असला की पुढच्या वेळी कुणाचं लग्न निघालं तरी आरडीकडे कुणी बघत नाही.

आता ते सहा हजार कशावर घालवायचे. इथे मला तुझ्याशी सावकाश बोलायचंय, कारण बचतीवर बोलणारे पुष्कळ असतात आणि मौजेचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. यूपीआयचे गेल्या तीन महिन्यांचे व्यवहार काढ. एकेकाशी थांबून विचार, हे मला आठवतं का? आठवून बरं वाटतं का? रात्री साडेदहाला दमून मागवलेली थाळी आठवणार नाही. सेलमध्ये घेतलेला तिसरा कुर्ता आठवणार नाही. पण तू पत्रात काय सोडलं म्हणून लिहिलंस? नाटक, ट्रेक, मैत्रिणींबरोबरचं जेवण. म्हणजे तुला ज्याने खरा आनंद होतो तेच तू आधी बंद केलंस, कारण ते उघड चैनीसारखं दिसतं. थाळी आणि कुर्ता चालूच राहिले असतील, कारण ते दोनशे-चारशेने जातात आणि जाताना दिसत नाहीत. हे उलटं कर.

महिन्याला एक नाटक ठेव. सावित्रीबाई फुले नाट्यगृह तुझ्या गावातच आहे, कधी शिवाजी मंदिरला जा. तिकीट चार-पाच दिवस आधी काढ. बुधवारी ऑफिसात वैताग आला तरी रविवारचं तिकीट पर्समध्ये आहे हे माहीत असतं, आणि तो आनंदही त्याच पैशांत मिळतो. पावसाळ्यात एक ट्रेक. डोंबिवलीत राहण्याचा मोठा फायदा हा की कसारा आणि कर्जत दोन्ही तुझ्याच लाइनवर आहेत. आसनगावला उतरून माहुली करता येतो, कर्जतहून पेठचा किल्ला. हे करून मैत्रिणींबरोबर दोन जेवणंही सहा हजारांत बसतात. एखाद्या महिन्यात उरले तर पुढच्या महिन्याला जोड. बचतीत टाकू नकोस, अगदी मोह झाला तरी. मौजेतून काटायची सवय लागली की आपण पुन्हा जानेवारीत आलो.

मरिन ड्राइव्हवर बसायला पैसे लागत नाहीत, जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रं फुकट बघता येतात, हे मीही सांगू शकते आणि ते खरंच सुंदर आहे. जरूर जा. पण फुकटात मिळतं तेवढ्यावरच भागव, असं मी कमावत्या बाईला सांगणार नाही. तू रोज गर्दीतून जाऊन हे पैसे मिळवतेस. त्यातले काही निव्वळ आनंदावर खर्च करण्याचा तुला पूर्ण हक्क आहे.

मैत्रिणींना नाही म्हणणं अवघड जातं, ते प्रत्येक वेळी म्हणायची गरज नाही. बेत तू आधी मांड. मुंबईत बाहेर जाण्याचा खर्च बराचसा जागेवर ठरतो. लोअर परळच्या एखाद्या चकचकीत ठिकाणी माणशी दोन हजार सहज जातात. त्याच पाचजणी दादरला थालीपीठ, साबुदाणा वडा, पीयूष घेऊन बसल्या तर माणशी चारशेत पोटभर होतं आणि गप्पा तेवढ्याच होतात. जी आधी सुचवते तिची जागा ठरते. आणि एखाद्या महिन्यात खातं रिकामं असेल तर, "या महिन्याचं माझं झालंय, पुढच्या रविवारी येते", एवढं पुरे. कारण देत बसू नकोस.

पास सोडू नकोस. डोंबिवली ते लोअर परळजवळचं करी रोड स्टेशन, जाऊन-येऊन रोजचे दोन-अडीच तास, तेही गर्दीच्या वेळी. फर्स्ट क्लासमध्येही दरवाजात उभं राहावं लागतं हे मला माहीत आहे, तरी जो थोडा श्वास मिळतो तो संध्याकाळी घरी आल्यावर कामी येतो. दमून आलेली माणसंच रात्री ऑर्डर करतात. मासिक पासऐवजी तीन महिन्यांचा काढ, तो मासिकाच्या २.७ पट पडतो. बचत तिथेच झाली.

भिशी महिना एक-दोन हजारांची असेल, सगळ्या ओळखीच्या असतील, तर वर्षाच्या खर्चांसाठी दर महिन्याला काढलेल्या चार हजारांतून घाल. नंबर लागला की दिवाळी सुटते, आणि भिशीच्या निमित्ताने जमणंही होतं. घराचे पैसे तिच्यात अजिबात नकोत. कुणी नोकरी सोडून गेली तर तिच्या हप्त्यांना कागदावर आधार काही नसतो.

तुझ्या पगारातून पीएफ कापला जात असेल, तो तू पत्रात धरलाच नाहीस. मूळ पगाराच्या १२ टक्के तुझे आणि तेवढेच कंपनीचे, त्यातला काही भाग पेन्शनकडे जातो. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं. पासबुक उघडून बघ. तू काहीच साठवलं नाही असं वाटत होतं त्या महिन्यांतही तिथे भर पडत होती. घरासाठी त्यातून काही रक्कम काढताही येते, पण ती शेवटी विचारात घे.

राहिली हंपी. वर्षाच्या खर्चांसाठी या महिन्यापासून, म्हणजे ऑगस्टपासून, दर महिन्याला चार हजार टाकलेस तर नोव्हेंबरअखेर १६,००० होतील. गणपती आणि दिवाळीत त्यातले आठ जातील असं धर. उरले आठ, आणि डिसेंबरच्या मौजेचे सहा, असे १४,०००. होस्पेटपर्यंत रेल्वेने गेलीस, साध्या गेस्टहाउसात राहिलीस, तर यात हंपी नीट होते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच तिकीट काढ. ग्रुपने विमान आणि रिसॉर्ट ठरवलं, तर त्यांना आत्ताच सांग की माझे १४,००० आहेत, रेल्वेने कोण येतंय? माझा अंदाज आहे, आणखी एखादी तरी निघेल. कुणीच नाही निघालं तर या खेपेला त्यांना जाऊ दे आणि तू जानेवारीत वेगळी जा. कार्ड मात्र घरी ठेवून जा.

तुझी,
ताई